तेविसावी चिठ्ठी

युनिस आक्काला कशाची किळस येत नसे. राजारामपुरीतल्या एका लॅबमध्ये ती कामाला होती. सकाळी आठपासून लोक बाटल्या आणि डब्या घेऊन रांगेत उभे असायचे. कुणाची थुंकी, कुणाची लघवी, कुणाच्या पोराचं जंत पडलेलं शौच. देणारा माणूस लाजून मान वळवायचा. आक्का मात्र दुधाची पिशवी घ्यावी तशी ती बाटली हातात घ्यायची, नाव लिहायची आणि म्हणायची, "लाजताय कशाला? डॉक्टरला ह्यातनंच कळतंय की." दुपारी साबणानं हात धुऊन त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून ती डबा खायची.

तिला ओकारी आलेली मी आयुष्यात एकदाच पाहिली. शहाण्णव सालच्या जूनमध्ये, भर दुपारी, आमच्या शेजारच्या अंगणात.

आमची मंडळी, म्हणजे एका चर्चची सगळी माणसं, लहान. नाव सांगत नाही, कोल्हापुरातल्या ख्रिस्ती लोकांना ते तसंही कळेल. सत्तर-ऐंशी घरं, सगळे एकमेकांचे कुणी ना कुणी लागणारे. देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, कुणाच्या पोरानं जांभई दिली तरी सोमवारी ती कदमवाडीपासून कसबा बावड्यापर्यंत पोचायची. आम्ही चौदा ते अठरा वयाची तेवीस पोरंपोरी होतो आणि आमच्यासाठी तरुण संघ होता. तरुण संघ म्हणजे रविवारी उपासनेनंतर एक तास. दोन गीतं, पाठ केलेली वचनं, आणि मग एखाद्या पंचाचं भाषण. पंच म्हणजे मंडळीचा कारभार बघणारी निवडून आलेली वडीलधारी माणसं. भाषणाचा विषय ठरलेला असे, तारुण्यातले मोह. केबल टीव्ही, ओठांची लाली, गणपतीपुढचा नाच, बाहेरच्या मुलामुलींशी मैत्री. ऐकताना आम्ही बाकाखाली पायानं एकमेकांच्या चपला पळवत असू.

संघ चालवणारे आधीचे भाऊ बदली होऊन पुण्याला गेले आणि ते काम कुणी घेईना, म्हणून आक्काच्या गळ्यात पडलं. ती तेव्हा चाळिशीची. नवरा, म्हणजे आमचे सत्यवानदाजी, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत मोल्डर होते. मूलबाळ नव्हतं. महिला संघात बायका बोलल्याच, "स्वतःची पोरं न्हाईत आणि दुसऱ्याच्या पोरांस्नी काय वळण लावणार?" आक्कानं ऐकलं आणि पुढच्या रविवारी शेंगदाण्याचे लाडू घेऊन हजर झाली. भाषण केलंच नाही. वर्तुळात बसवून विचारलं, "काय चाललंय तुमचं?" आम्ही गप्प. मोठ्या माणसांना गप्प राहवत नाही, ती लगेच उपदेश सुरू करतात. आक्का गप्प बसून राहिली. दहा मिनिटांनी रूबेन नावाचा एक मुलगा म्हणाला, "कंटाळा आलाय." ती म्हणाली, "मलाबी." तिथून आमचं जमलं.

मे महिन्यात पन्हाळ्यावर तीन दिवसांचं शिबिर भरलं. एका शाळेच्या वर्गात आम्ही मुक्काम केला. सामान न्यायला टेम्पो दिला रत्नाकरमामांनी. हे मंडळीचे पंच होते. मंडळीतली सगळी तरुण पोरं त्यांना मामाच म्हणायची, कारण आमच्यातल्या स्नेहलचे ते सख्खे मामा. स्नेहलचे वडील वारले तेव्हापासून ती आणि तिची आई कमलवहिनी मामांच्याच घरात राहत होत्या. मंडळीत ह्याचं फार कौतुक होतं. विधवा बहिणीला आणि भाचीला सांभाळणारा माणूस म्हणून उपासनेत उभं राहून देवानं आयुष्यात काय केलं ह्याची साक्ष द्यायला त्यांनाच बोलवत.

शिबिराच्या पहिल्या संध्याकाळी आक्कानं बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा मधे ठेवला आणि प्रत्येकाला कागदाचा तुकडा दिला. "जे कुणाला विचारता येत न्हाई ते ह्यात लिहा. नाव घालू नका. मी वाचीन, उत्तर देईन आणि जाळून टाकीन. माझ्याशिवाय कुणाच्या हाताला लागणार न्हाई. ही माझी जबान."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकेक चिठ्ठी वाचून उत्तर देत गेली. देवाला सगळं दिसतं तर आंघोळ करतानाही दिसतं का? मला दाढी कधी येणार? हिंदू मुलावर प्रेम बसलं तर नरकात जावं लागतं का? महिन्याच्या दिवसांत पवित्र शास्त्राला हात लावला तर चालतं का? माझे वडील पितात आणि रविवारी प्रार्थना चालवतात, मी कुणावर विश्वास ठेवू? आक्का कुठेही थांबली नाही की हसली नाही. शरीराचं शरीराच्या भाषेत सांगितलं, मनाचं मनाच्या. जिथं उत्तर ठाऊक नव्हतं तिथं "मला म्हाईत न्हाई" म्हणाली. मग माझी चिठ्ठी आली. मी लिहिलं होतं, "मला प्रार्थना करताना काहीच वाटत नाही. मी डोळे मिटून नाटक करते. आईला कळलं तर?" आक्कानं ती दोनदा वाचली. म्हणाली, "जिनं हे लिहिलंय तिनं आज देवाशी खरं बोलायला सुरुवात केली. ह्यापेक्षा मोठी प्रार्थना मला येत न्हाई." मी पंधरा वर्षांची होते. इतका मोकळा श्वास मी त्याआधी कधी घेतला नव्हता.

बावीस चिठ्ठ्या झाल्या. तेविसावी उघडून तिनं मनात वाचली आणि घडी घातली.

"ही मी मोठ्यानं वाचत न्हाई," ती म्हणाली. "जिची किंवा ज्याची हाय, त्यानं माझ्याकडं यावं. इथं नळावर या, लॅबमध्ये या, घरी या. मी एकटीच असेन."

शिबिर संपेपर्यंत कुणी गेलं नाही. आणि आक्कानं चिठ्ठ्या जाळल्या नाहीत.

का जाळल्या नाहीत, ते तिनं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. त्या एका चिठ्ठीत लिहिलं होतं, "मी सांगितलं तर आईला आणि मला घराबाहेर काढतील. नाही सांगितलं तर पाप माझ्यावर येतं का? तो घरातला मोठा माणूस आहे. तो प्रार्थनाही करतो." ती चिठ्ठी जाळायला तिचा हात होईना. लिहिणारी कोण हे शोधायला पुढं उपयोग होईल, असं तिला वाटलं. आणि एक ठेवायची तर बाकीच्यांचं काय, ह्या घोळात सगळा डबाच घरी आला.

हंबीरराव आमचे शेजारी आणि मंडळीचे सेक्रेटरी. शाळेचे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. पेटी सुरेख वाजवायचे. कुणी आजारी पडलं की सायकलवरून सगळ्यात आधी तेच पोचत. त्यांना वाईट माणूस म्हणणं मला आजही जड जातं, आणि म्हणूनच त्यांची जास्त शिसारी येते. शिबिरानंतर आठवड्याभरात ते आक्काच्या घरी गेले.

"युनिसबाई, तो डबा पंचांपुढे ठेवायला हवा."

"मी पोरांस्नी शब्द दिलाय, सर."

"पोरांना. आम्ही काय परके आहोत? मेंढपाळानं कळपात काय चाललंय ते बघायचं नाही?"

आक्का नाही म्हणणार होती. पण तेविसावी चिठ्ठी तिच्या मानेवर बसली होती. एकटीला उकलेना. पंच मोठी माणसं, त्यांना घराघरांतलं ठाऊक, एखाद्या पोरीला खरंच त्रास होत असेल तर तेच काही करतील, असं तिला वाटलं. "एकच चिठ्ठी महत्त्वाची हाय," ती म्हणाली, "तेवढी बघा आणि बाकीच्या परत द्या." हंबीररावांनी मान डोलावली. आक्कानं आपल्या हातानं कपाटातून डबा काढून त्यांना दिला. हे सांगताना ती नेहमी म्हणायची, "हिसकावून घेतला न्हाई कुणी. मी दिला. हे आधी लिही."

पुढच्या शनिवारी दुपारी तिला हंबीररावांच्या घरी बोलावणं आलं. सहा पंच जेवणाच्या टेबलाभोवती बसले होते. मधे भडंगाची परात, चहाचे कप. आणि टेबलभर चिठ्ठ्या पसरलेल्या, एकेक सरळ करून, कडा दाबून. प्रत्येक चिठ्ठीच्या शेजारी संडे स्कूलच्या परीक्षेचा एकेक पेपर. हंबीररावांनी अक्षरं जुळवली होती. चिठ्ठ्यांच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं, त्यांच्या त्या सुंदर वळणदार अक्षरात, नावं लिहिली होती.

"बत्तीस वर्षं पेपर तपासले," ते आनंदानं म्हणाले. "काना आणि वेलांटी माणूस लपवू शकत नाही."

आक्का दारातच उभी राहिली. कुणाचं तिच्याकडे फारसं लक्षही नव्हतं. रत्नाकरमामा एक चिठ्ठी उचलून मुलीच्या आवाजात वाचून दाखवत होते, ती महिन्याच्या दिवसांची, आणि वाचताना भडंग चघळत होते. एक पंच हसून हसून डोळे पुसत होते. दुसरे "कलियुग, कलियुग" म्हणत होते आणि पुढच्या चिठ्ठीसाठी हात पुढं करत होते. त्यांच्या बोटांचं तेल कागदांना लागत होतं. आक्का म्हणायची, ते भुकेले दिसत होते. धर्माची काळजी असलेल्या माणसाचा चेहरा तिनं पाहिला होता. हा तो नव्हता. आमच्या बापांच्या वयाचे हे लोक, पोरींनी देवाला विचारलेलं तोंडात घोळवत होते.

"नावं घालायची न्हाईत असं ठरलं होतं," ती म्हणाली.

"काळजीपोटीच केलंय," हंबीरराव म्हणाले. "सकाळीच आम्ही घरं वाटून घेतली. आज संध्याकाळपासून पालकांना भेटायचं."

आक्कानं टेबलावरून नजर फिरवली. एकच चिठ्ठी बाजूला, बशीखाली सरकवलेली. तिच्यावर नाव नव्हतं.

"ही कुणाची?"

"तिचं अक्षर लागत नाही," हंबीरराव चहाच्या कपात बघत म्हणाले.

"सिनेमा बघून कुणीतरी लिहिलंय," रत्नाकरमामा म्हणाले. "पोरींना असली नाटकं सुचतात."

आक्कानं पुढं होऊन सगळ्या चिठ्ठ्या आणि सगळे पेपर दोन्ही हातांनी ओढून आपल्या पिशवीत भरले. परात कलंडली. कुणीतरी "अहो बाई" म्हणालं. ती बाहेर आली आणि अंगणातल्या जास्वंदीच्या आळ्यापाशी वाकून ओकली. मी आमच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होते. मला वाटलं, आक्काला बरं नाही. मी हाक मारली. तिनं वर पाहिलं आणि पदरानं तोंड झाकून निघून गेली. ती माझ्याकडे बघू का शकली नाही, ते मला त्याच संध्याकाळी कळलं.

संध्याकाळी हंबीरराव आमच्याकडे आले. माझ्या आईवडिलांना आत नेऊन दार लोटून बोलले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. त्या दिवसापासून पप्पा मला रोज संध्याकाळी जेवणाआधी गुडघ्यावर बसवायचे आणि मोठ्यानं प्रार्थना करायला लावायचे. संपली की विचारायचे, "आता वाटलं काही?" मी म्हणायचे, "वाटलं." पहिल्या दिवशी "नाही" म्हटलं होतं, तर आणखी अर्धा तास. नाटक करणं वाईट म्हणून मी कबूल केलं होतं, आणि माझ्या घरानं मला त्यातच तरबेज केलं. रूबेनचं ह्याहून वाईट झालं. पिणाऱ्या वडिलांची चिठ्ठी त्याची होती. त्याच्या बापानं त्याला पट्ट्यानं मारलं, आणि मारतानाही प्यालेला होता. पोरगं सतराव्या वर्षी पुण्याला पळालं, एका गॅरेजात लागलं, आणि पुन्हा कुठल्याही देवळाची पायरी चढलं नाही.

आम्ही सगळ्यांनी आक्काला दोष दिला. पुढच्या रविवारी ती तरुण संघाच्या खोलीत बसून राहिली, एकही पोर आत गेलं नाही. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "थुंकीवाली." ओरडणाऱ्यांत मीही होते.

आक्कानं मात्र शनिवारीच घरी जाऊन पिशवी रिकामी केली होती. मुलं तेवीस, चिठ्ठ्या तेवीस. पेपर भरले बावीस. तिनं हजेरीची वही घेऊन नावं जुळवली. स्नेहलचा पेपर त्यात नव्हता.

म्हणजे हंबीररावांना अक्षर लागलं होतं. लागलं म्हणूनच पेपर आधी काढून ठेवला होता. बावीस पोरांची नावं त्यांनी मोठ्या हौसेनं शोधली, आणि जी एक पोर मदत मागत होती तिचंच नाव दडवलं, कारण ते नाव घेतलं तर मामांचं घ्यावं लागलं असतं. आणि रत्नाकरमामांनी स्वतः ती चिठ्ठी त्या टेबलावर वाचली होती. भाचीचं अक्षर त्यांना कळलं नसेल, असं कसं म्हणायचं? आक्का सांगायची, हे ध्यानात आलं तेव्हा तिनं तीनदा हात धुतले. लॅबमध्ये ती एकदाच धुवायची.

ती आधी पाळकसाहेबांकडे, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंकडे, गेली. पाळकसाहेब नवीन बदलून आलेले, मऊ बोलणारे. त्यांनी सगळं ऐकलं, कपाळ चोळलं.

"पुरावा काय, युनिसबाई? एक चिठ्ठी. आपण प्रार्थनेत ठेवू."

"प्रार्थना मी केली, साहेब. आता पोरीला त्या घरातनं बाहेर काढायचंय."

"मंडळीची अब्रू..."

"पोरीची?"

पाळकसाहेबांनी डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. ती आमेन होईपर्यंत थांबली नाही.

स्नेहलची शाळा बंद झाली होती. दहावीचं वर्ष, आणि तिला सोलापूरला नातेवाइकांकडे पाठवणार, तिथं स्थळ बघणार, अशी कुजबुज होती. आक्कानं कमलवहिनींना निरोप धाडला, तुमचं रक्त तपासायचं राहिलंय, लॅबला या. त्यांना पंडुरोग होता, म्हणून घरात कुणाला संशय आला नाही. आक्कानं खरंच रक्त काढलं. मग कापूस दाबून धरलेल्या त्या हातावर आपला हात ठेवून चिठ्ठी समोर धरली.

कमलवहिनींनी वाचली नाही. "मला म्हाईत हाय," एवढंच त्या म्हणाल्या.

आक्का म्हणायची, त्या क्षणी तिला त्या बाईची इतकी चीड आली की हात मागं घ्यावासा वाटला. घेतला नाही.

"म्हाईत हाय आणि ऱ्हाताय?"

"जाऊ कुठं? भाऊच हाय. त्याच्याशिवाय कोण हाय मला?"

"मी हाय. दोन खोल्या हाईत माझ्या. उद्या दाजी टेम्पो घेऊन येतील. कपडे आणि पोरीची पुस्तकं, एवढंच घ्या."

दाजी फौंड्रीतल्या मित्राचा टेम्पो घेऊन सकाळी दहाला मामांच्या दारात उभे राहिले. मामा घरातच होते. दाजी धिप्पाड माणूस, भट्टीजवळ उभं राहून भुवया जळालेल्या. ते नुसते उंबऱ्यात उभे राहिले. मामा आतल्या खोलीत जाऊन पेपर वाचत बसले. माय-लेकी दोन ट्रंका घेऊन बाहेर पडल्या.

आक्कानं स्नेहलला विचारलं, "पोलिसांत जायचं? मी संगं येते." स्नेहल म्हणाली, "एकदा लिहिलं, ते सगळ्यांनी वाचलं. आता पुन्हा कुणापुढं न्हाई." आक्कानं पुन्हा विचारलं नाही. ते बरोबर होतं की चूक, हे तिला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

जुलैच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी. आमच्याकडे पंच भाकरीचं ताट घेऊन बाकांपाशी येतात. आमच्या बाजूला रत्नाकरमामा होते, पांढराशुभ्र सदरा, नजर खाली. ताट आक्कापुढे आलं. संपूर्ण देऊळ शांत होतं, फक्त पेटीचा हलका सूर चालला होता.

"तुमच्या हातचं नको," आक्का म्हणाली.

आवाज चढवला नव्हता, पण शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. मामांनी ताट तसंच धरलं. मग ते पुढं सरकले आणि माझ्या आईपुढे आले. आईनं भाकर घेतली. पप्पांनी घेतली. मीही घेतली, सगळ्यांनी घेतली. तो तुकडा माझ्या घशाखाली उतरेना आणि थुंकताही येईना. प्रभूच्या भोजनाची किळस वाटावी ही माझ्यासाठी त्या वयात केवढी भीतीची गोष्ट होती, ते ख्रिस्ती घरात वाढलेल्यालाच कळेल.

आठवड्यात आक्काला पत्र आलं. मंडळीच्या प्रतिष्ठित सेवकाची जाहीर बदनामी केल्याबद्दल तिला शिस्तीखाली ठेवण्यात येत आहे. लेखी माफीनामा देईपर्यंत तिला प्रभुभोजन नाही, कुठल्याही संघात काम नाही. पत्र हंबीररावांच्या अक्षरात होतं. माझ्या चिठ्ठीवरचं माझं नाव मी पुढं पाहिलं, तेच वळण.

माफी आक्कानं मागितली, पण पंचांची नाही. ऑगस्टमध्ये ती बावीस घरांत गेली. दर संध्याकाळी लॅब सुटली की एक घर. आईबापांसमोर पोराला बोलावून म्हणायची, "मी तुला शब्द दिला आणि मोडला. तुझी चिठ्ठी मी जाळायला हवी होती. चूक तुझी न्हाई, माझी हाय. ही तुझी चिठ्ठी, तूच काय करायचं ते कर." काही घरांनी तिला दारातूनच परत पाठवलं. रूबेन तेव्हा अजून घरी होता. तो तिच्या पायाजवळ थुंकला. तिनं चिठ्ठी उंबऱ्यावर ठेवली आणि गेली. आमच्याकडे आली तेव्हा पप्पा म्हणाले, "आमच्या घरातलं आम्ही बघू." आक्का म्हणाली, "बघताय खरं, पण पोरगी खोटं बोलायला शिकतीया." पप्पांनी दार लावलं. मी चिठ्ठी मुठीत घेऊन उभी होते. त्या दिवशी गुडघ्यावर बसले तेव्हा मी काहीच बोलले नाही, पप्पा कितीही वेळ थांबले तरी. हळूहळू तो प्रकार बंद पडला.

आक्काकडे मी परत गेले ती दीड वर्षानं. शनिवारी दुपारी ती घरीच असायची, दार उघडं. कुणाला बोलवायची नाही. आधी तिघी जायच्या, मग सात-आठ जण जाऊ लागले, बाहेरची हिंदू पोरंही. गीतं नाहीत, भाषण नाही. कुणी गणित करत बसे, कुणी भांडी घासताना तिच्याशी बोले. लिहून काही ठेवायचं नाही, एवढाच नियम. स्नेहल पहिल्या वर्षी आतल्या खोलीतून बाहेर येत नसे. दहावी तिनं एक वर्ष उशिरा केली. पुढं लॅबचाच कोर्स केला, दोन हजार दोनमध्ये सांगलीला नोकरीला लागली आणि आईला घेऊन गेली. ती देवळात जात नाही. आक्कानं तिला कधी जा म्हटलं नाही.

रत्नाकरमामांचं काय झालं, हे लोक मला विचारतात. काही झालं नाही. ते आणखी दोनदा पंच म्हणून निवडून आले. दोन हजार चार साली हृदयविकारानं गेले, प्रेतयात्रेला मंडळी लोटली, आणि थडग्यावर "विश्वासू सेवक" असं कोरलं. स्नेहल आली नाही. कमलवहिनी आल्या आणि रडल्या. आक्का कबरस्तानाच्या दारात उभी राहून मला म्हणाली, "बाई रडतीया ते भावासाठी. रडू दे." पण तिच्या आवाजात जे होतं ती दया नव्हती.

दोन हजार सातमध्ये नवे पाळक आले. तरुण संघ ओस पडला होता. ते स्वतः आक्काकडे गेले, परत या म्हणाले. पंचांच्या कमिटीनं एकच अट घातली होती, जुनं प्रकरण गैरसमजातून घडलं एवढी एक ओळ लिहून द्यावी. आक्कानं त्यांना चहा दिला आणि ओळ दिली नाही. मंडळीच्या कागदावर ती आजही शिस्तीखाली आहे.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत हंबीरराव तिच्या दारात आले. आता काठी लागली होती. सोबत चौदा वर्षांची नात. पोरगी महिनाभर कुणाशी बोलत नव्हती, जेवत नव्हती, स्वतःचे केस कात्रीनं वेडेवाकडे कापले होते. मी तिथंच होते, मटार सोलत.

"युनिसबाई, हिच्याशी जरा बोला," ते म्हणाले. "आम्हाला काही सांगत नाही."

आक्कानं त्यांच्याकडे पाहिलं. बाटल्या हातात घेताना कधी न हललेला तो चेहरा आक्रसला. ओठ घट्ट मिटले. मला वाटलं, दार लावते की काय.

"पोरगी आत येऊ दे," ती म्हणाली. "तुम्ही बाहेर थांबा."

हंबीरराव पायरीवर बसले. मी त्यांना पाणी नेऊन दिलं. दोन तास आतून कधी आवाज यायचा, कधी यायचा नाही. मधे ते मला म्हणाले, "लीना, चुकलंच माझं त्या वेळी." आक्का पोरीला घेऊन बाहेर आली तेव्हा त्यांनी तेच तिला सांगितलं.

"मला नका सांगू," आक्का म्हणाली. "सांगलीला गाडी जाती. स्नेहल रविवारी घरीच असती."

ते गेले नाहीत. मी नंतर स्नेहलला विचारलं होतं. नात मात्र दर शनिवारी येत राहिली, केस वाढले, बारावी झाली.

त्या दिवशी ते गेल्यावर मी मटाराची टरफलं गोळा करत सहज म्हणाले, "आक्का, काय म्हणाली गं पोरगी?"

आक्कानं माझ्याकडे वळून पाहिलं. मग परात उचलून आत गेली, आणि मी पुन्हा असं कधी विचारलं नाही.